दिवस कुठं गेले, अक्का?

परीक्षेच्या आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात सगळ्यांत जास्त भाव कुणाला असतो, सांगा बघू? डीनला नाही, मंत्र्याला तर नाहीच नाही. ज्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय आणि बरगडीखाली झक्क हाताला लागते, त्याला! त्याला आम्ही खिडकीजवळची खाट देतो, दोनदा चहा पाठवतो आणि "मामा, सोमवारपर्यंत घरी जाऊ नका हं, पाया पडते," म्हणून गळ घालतो. कुणाच्या छातीत पाणी सापडलं, कुणाच्या काळजातून घुर्रर्र आवाज आला, की आम्ही ज्युनियर डॉक्टर एकमेकांना फोन करकरून ओरडायचो, "सापडला! सापडला!" बाहेरच्या माणसाला वाटावं, ह्यांना लॉटरी लागलीय. पेशंटच्या दुखण्याचा आनंद नव्हता हो तो. परीक्षेला चांगली केस मिळाल्याचा होता. पण हे पेशंटच्या बायकोला समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे.

ज्युनियर डॉक्टर म्हणजे कोण, तेही सांगून टाकते. एमबीबीएस झालेला, पुढचं एम.डी. शिकणारा, रात्रंदिवस वॉर्डात राबणारा प्राणी. प्राध्यापक व्याख्यान देतात, राउंड घेतात, रागावतात आणि जातात. मागं उरतो आम्ही, आणि आमच्या मागं लागतात शेवटच्या वर्षाची पोरं. "अक्का, एक केस घ्या ना. अक्का, आवाज ऐकू येईना. अक्का, पोट कसं दाबायचं?" आमच्या बिदर-कलबुर्गी भागात मॅडमपेक्षा अक्काच चालतं. मी निर्णा गावची, घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड, बाजारात दखनी. वडिलांचं किराणा दुकान. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, आणि शिकवायची हौस त्याहून मोठी. आता मी आळंदकडच्या एका तालुका दवाखान्यात असते, कडगंचीच्या विद्यापीठातली पोरं मेसच्या भाजीनं पोट बिघडवून येतात, त्यांना गोळ्या देते. पण खरं सांगू? संध्याकाळी ओपीडी संपली की अजून हात शिवशिवतात. कुणी तरी समोर यावं, कोरं ॲप्रन घालून, घाबरलेलं, आणि म्हणावं, "अक्का, केस घ्या." ते सुख गेलं ते गेलंच.

शिकवायचो तरी काय? तर बघायला, हात लावायला, वाजवायला आणि ऐकायला. वाजवायला म्हणजे छाती. एक बोट छातीवर ठेवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करायचं. पोरं पुस्तकातली व्याख्या पाठ म्हणायची आणि छाती मात्र दार ठोठावल्यागत बडवायची. मी त्यांना म्हणायची, "अरे, आमच्या दुकानात चला. डाळीचा डबा भरलेला असला की ठप्प वाजतो, रिकामा असला की ठण्ण. फुप्फुसात हवा असली की ठण्ण, पाणी असलं की ठप्प. झालं! ह्यात इंग्रजी कुठं आलं?" मग एकेक पोरगं हॉस्टेलमधला पोह्यांचा डबा, पाण्याची टाकी, रूममेटची पाठ असं दिसेल ते वाजवत सुटायचं. आमचा वॉर्ड त्या आठवड्यात बँजो पार्टीसारखा वाजायचा.

परीक्षेची रीत अशी. मुलाला एक पेशंट देतात. ठरलेल्या वेळेत त्यानं पेशंटला विचारायचं, तपासायचं आणि मग परीक्षकांच्या पुढं उभं राहून सांगायचं, ह्याला काय झालंय आणि कशावरून. कागदावर कितीही हुशार असलात तरी इथं नापास म्हणजे नापास. परीक्षक चार, त्यांतले दोन परगावचे. आमचं ज्युनियर डॉक्टरांचं काम पेशंट गोळा करणं, खाटा लावणं आणि घंटी वाजवणं. तोंड उघडायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच की.

पेशंट तरी काय कमी होते का! कमठाण्याचे गुंडप्पा मामा होते. त्यांच्या उजव्या छातीत सारखं पाणी व्हायचं. दोन परीक्षांना बसून बसून मामा पोरांपेक्षा तयार झाले होते. सुपारीची पुडी हातावर ठेवली की हळूच सांगायचे, "उजव्या अंगाला पानी हाय, निम्म्यापर्यंत. एफ्यूजन म्हना, पास व्हताव." एकदा परीक्षेच्या सकाळीच मामांना धाप लागली. मी सुई घालून बाटलीभर पाणी काढलं, मामा मोकळे झाले. दुसरा पेशंट आणायला वेळ नव्हता, म्हणून मामांनाच बसवलं. बरं झालेल्या छातीची पण परीक्षा असतेच की. त्यांच्या वाट्याला आला वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा. त्यानं पुडी दिली, कानमंत्र घेतला आणि परीक्षकांपुढं असं फाडफाड बोलला म्हणता, उजवीकडं ठप्प वाजतंय, श्वास ऐकू येत नाही, पाणी आहे. परीक्षकांनी स्वतः बोट ठेवून वाजवलं. ठण्ण! म्हणाले, "पाणी कुठं गेलं?" तर मामाच खाटेवरून, "सक्काळी बाईनं काढलं की ओ! बाटलीत हाय, दावू का?" पोराच्या तोंडचं पाणी तेवढं खरंच पळालं. मामांच्या पाठीवर सुईच्या जागी मी पट्टी चिकटवलेली होती, ती पण त्यानं बघितली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला!

मंजुनाथची गोष्ट ह्याच्या अगदी उलटी. त्याला सगळं यायचं. फक्त आमचं बोलणं यायचं नाही.

मंजू मंड्याकडचा. वडिलांचं तिथं इडलीचं लहानसं हॉटेल. त्याचं कन्नड आम्हाला आणि आमचं कन्नड त्याला निम्मंच कळायचं, आणि मराठी तर त्याच्या कानावरनं गेली नव्हती. पहिल्या खेपेला परीक्षेत त्याला भालकीकडच्या एक आजी मिळाल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. मंजूनं विचारलं, काय झालं? आजी म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलं, बाबा." मंजूला 'वारं' तेवढं कळलं. पुस्तकात लिहिलेलं असतं, गार वारा लागून चेहऱ्याची एक नस आखडते आणि तोंड वाकडं होतं. त्याला केवढा आनंद झाला असेल! थेट उत्तरच हातात! परीक्षकांना म्हणाला, आजी गार वाऱ्यात बसल्या होत्या, चेहऱ्याची नस गेलीय. आता 'अंगावरून वारं जाणं' म्हणजे अर्धांगवायू हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. आजींचा उजवा हात थोडा बरा झाला होता, पण पकड कमीच होती. वारं ऐकल्यावर मंजूनं हाताकडं बघितलंच नाही. परीक्षकांनी त्याला फक्त एक सांगितलं, "आजींना म्हणा, माझा हात घट्ट धरा." आजींना धरता येईना. मंजू नापास.

त्याच्या बरोबरीची पोरं इंटर्न होऊन वॉर्डात मिरवायला लागली, आणि हा मागच्या वर्गाच्या पोरांत खाली मान घालून बसायला लागला. एका दुपारी जिन्यात बसलेला दिसला. डोळे लाल.

"कामून रडायलास रे?" मी विचारलं. तेवढं मराठी त्याला माझ्या तोंडून ऐकून ऐकून कळायला लागलं होतं.

कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, ह्या खेपेला नाही जमलं तर मी गावी जाणार. अप्पांच्या गल्ल्यावर बसणार. ट्रंक भरून ठेवलीय."

"ट्रंक भरलीस? वा रे पठ्ठ्या! आणि इडलीचं पीठ तरी दळता येतं का?"

"नाही."

"मग तिथं पण नापास होशील. ऊठ!"

चिडले मी. का नाही चिडणार? पोरगं हृदयाचा आवाज माझ्याआधी ओळखायचं! असं पोरगं एका शब्दापायी घरी जाणार? मी त्याच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या खिशात घातला आणि म्हटलं, "आता हा नाही मिळायचा. रोज संध्याकाळी नुसतं पेशंटजवळ बसायचं आणि बोलायचं. केस घ्यायची नाही. गप्पा मारायच्या."

आणि काय सांगू तुम्हाला, काय मजा आली त्या दिवसांत! मला स्वतःला ठाऊक नव्हतं, आमच्या बोलीत दुखण्याची केवढी श्रीमंती आहे. पोट दुखतंय म्हणून येणारं माणूस नुसतं 'दुखतंय' म्हणून थांबतच नाही. कळ आली म्हणजे येऊन येऊन जाणारं, आतडं नाही तर मुतखडा. ठणकायलंय म्हणजे आत पू झालाय, गळू शोधा. आग पडलीय म्हणजे पित्त. चमक निघाली म्हणजे नस नाही तर स्नायू. सलतंय म्हणजे काही तरी रुतलंय. भवळ आली आणि कसकस आहे हे तर वेगळंच. मंजू टाळ्या पिटायचा! "अक्का, अर्धं निदान तर हेच लोक करून आणतात!" म्हणायचा. मी म्हणायची, "मग? आणि तुम्ही बसता इंग्रजी विशेषणं घोकत!"

पेशंट पण रंगात यायचे. मंजू 'मुंग्या' शिकला त्या दिवशी साखरेच्या पेशंटला म्हणाला, "मामा, पायात चिमण्या येतात का?" सबंध वॉर्ड हसून लोळला. मंजूचे कान लाल. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, हसू झालं तर होऊ दे. पण शब्द कळला नाही तर कळल्यासारखी मान हलवायची नाही. मान हलवलीस की मेलास. विचारायचं."

घोडामैदान जवळ आलं. पेशंटची शोधाशोध सुरू झाली आणि ओपीडीत मला रेणुका सापडली. विशीतली, हडकुळी, चेहऱ्यावर आमच्या भागात गावोगाव दिसणारा थकवा. सासू घेऊन आली होती. कानाला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्या अंगावर काटा आला, इतका स्वच्छ आवाज! हृदयाची एक झडप आखडलेली. लहानपणी सांधे धरणारा ताप येतो, तो जातो पण झडप चिकटवून जातो. जत्रेत देवळाचं एकच दार उघडं ठेवल्यागत होतं मग. पुढं रक्त जाईना, मागं फुप्फुसात गर्दी. म्हणून चाललं की दम लागतो.

मी विचारेन त्याचं उत्तर सासूबाईच देत होत्या. "दम कसला ओ, कामाचं नाव काढलं की लागायलाय. पाळी-बिळी समदं येवस्थित हाय. म्हायेर उदगीरकडचं, कन्नड येत न्हाई, शिकाया पन तयार न्हाई." रेणुका खाली बघत होती. मी समजावून सांगितलं, परीक्षेला बसाल का, मुलं तपासतील, शिवाय तुमची पुढची सगळी तपासणी इथंच होईल. तिनं सासूकडं बघितलं आणि मान हलवली. हृदयाची सोनोग्राफी परीक्षेनंतरची लावली.

परीक्षेच्या सकाळी चिठ्ठ्या निघाल्या. मंजूला रेणुका!

मला आधी आनंदच झाला. आवाज त्याला नक्की ऐकू येणार होता. पण ती अख्ख्या हॉलमधली एकटी बाई, जिला मराठीशिवाय काही येत नाही! दुभाष्या मागता येतो तसा, पण परगावहून आलेल्या दोघांपैकी म्हैसूरकडच्या, पांढऱ्या भुवयांच्या परीक्षकांची ख्याती पोरांनी मला ऐकवली होती. दुभाष्या मागितला की म्हणत, "उद्या दवाखाना काढशील तेव्हा दुभाष्या कुठला आणशील?"

मी घंटीपाशी. मंजू पडद्याच्या आत, सोबत केरळच्या सिस्टर, कारण बाईला तपासताना बाई लागतेच. पडदा अर्धा उघडा, मला सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. त्यानं हात जोडले, आधी हात चोळून गरम केले, शाब्बास! विचारलं, नाडी बघितली, डाव्या कुशीवर वळवून आवाज ऐकला, आणि त्याचे डोळे असे चमकले की मी ओळखलं, सापडली झडप! मी मनातल्या मनात उडी मारली. आता फक्त कागद नीट लिही बाबा, वेळ होत आली.

तेवढ्यात तो लिहिता लिहिता थांबला. सिस्टरकडं बघितलं, त्यांनी खांदे उडवले. तो उठला, परत बसला. आणि सबंध हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या मंड्याच्या हेलात विचारता झाला, "अक्का, दिवस कुठं गेले?"

हॉलमधले पेशंट फसकन हसले. गुंडप्पा मामा तर खोकेपर्यंत हसले. परीक्षकांनी मान वर केली. मी घंटी घट्ट धरली. ह्या पोरानं आता काय विचारून ठेवलंय! आणि रेणुका? आधी पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता तिचा चेहरा एकदम उतरला. मंजू खाली वाकला, ती काही तरी पुटपुटली, तिनं त्याचा ॲप्रन धरला. मंजूनं मान नाही म्हणून हलवली. मग त्यानं लिहिलेला कागद आडवा-तिडवा खोडला आणि मला घंटी वाजवावी लागली.

खोडलेला कागद घेऊन परीक्षकांपुढं! मला वाटलं, गेली ट्रंक मंड्याला.

मंजूनं सुरुवात केली. झडप बरोबर सांगितली. आवाज बरोबर सांगितला. परीक्षक मान डोलवायला लागले होते. आणि शेवटी हा म्हणतो, "सर, आणि ही बाई गरोदर आहे."

पांढऱ्या भुवयांनी माझा केसपेपर उचलला. "इथं तर पाळी नियमित लिहिलंय. हे कुठून काढलंस?"

"तिनंच सांगितलं सर."

"काय सांगितलं? तिचे शब्द सांग."

"मी पाळी विचारली. ती म्हणाली, दिवस गेलेत. मला वाटलं, पाळीचे दिवस होऊन गेले, म्हणजे सगळं ठीक. तसंच लिहिलं. पण मग वाटलं, हे म्हणताना तिनं खाली का बघितलं? म्हणून परत विचारलं."

परीक्षकांच्या कपाळावर आठी. मंजूनं इंग्रजीत शब्दाला शब्द करून सांगितलेलं, दिवस गेले, ह्यात गरोदर कुठं आलं? त्यांना वाटलं, पोरगं भलतंच धाडस करतंय. आमच्या प्राध्यापकांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. आणि मग पांढऱ्या भुवया माझ्याकडं वळल्या. "डॉक्टर, तुमची घरची भाषा मराठी आहे ना? ह्याचा अर्थ काय होतो?"

माय गे! इतकी वर्षं परीक्षेत तोंडाला कुलूप, आणि आज परीक्षक स्वतः किल्ली देत होते! माझा आवाज नको इतका मोठा निघाला. "सर, आमच्याकडं बाईला दिवस गेले म्हणजे ती पोटुशी राहिली! दुसरा अर्थच नाही!"

मंजूला शंभर शब्द शिकवले होते मी. नेमका हाच राहिला होता. इतका रोजचा की तो शिकवायचा असतो हेच सुचलं नाही.

परीक्षक खुर्चीत पुढं सरकले. आता खरी परीक्षा सुरू झाली. आखडलेली झडप आणि त्यात गरोदरपण म्हणजे काय होतं, विचारलं. मंजू म्हणाला, अंगातलं रक्त वाढत जातं, दार मात्र तेवढंच, फुप्फुसात पाणी भरून जीव जाऊ शकतो. "मग आता तू काय करशील?" औषधांची नावं येणार म्हणून मी कान टवकारले. तर मंजू म्हणाला, "सर, आधी तिच्या पाठीमागं आणखी एक उशी देतो. आवाज ऐकायला मी तिला आडवं केलं, तेव्हापासून तिला दम लागतोय. माझी परीक्षा बिघडेल म्हणून ती बोलत नाहीये. देऊ का?"

आणि परवानगीची वाट न बघता गेला की पठ्ठ्या! परीक्षक बसल्या जागी, आणि हा उशी शोधत वॉर्डात! मला रडू यावं की हसू, कळेना. सिस्टरांनी तिथंच लघवीची तपासणी केली. दोन रेघा. ठळक!

रेणुकाला परीक्षेतून उठवून ताबडतोब दाखल केलं. बाहेर सासूबाईंना सांगितलं. "माय माझे! नातू?" आणि दुसऱ्या क्षणाला माझ्यावर उसळल्या, "तुमी डाक्टर हाव का कोन? पोटुशी बाईला परीक्षेला बसवलाव!"

"मावशी, परीक्षेला पोरगा बसला होता."

"ते काय बी असू द्या. पास झाली का ती?"

संध्याकाळी मी रेणुकाजवळ बसले. म्हटलं, "बाई, मला कामून नाही सांगितलंस?" तिनं चादरीची किनार ओढली. मग म्हणाली, "लग्नाआधी उदगीरच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, ह्या काळजाला लेकरू झेपायचं न्हाई. म्हायेरच्यांनी लपवलं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी पाडा म्हनला असताव. त्यो पोरगा लईच मायेनं इचारायला. खोटं बोलू वाटंना. म्हनलं, ह्याला मराठी येत न्हाई, सांगून टाकाव, कळायचं न्हाई." आणि डोळे पुसत हसायला लागली. "त्येनं तर दिवस कुठं गेले म्हनून इचारलं ओ!"

"ॲप्रन धरून काय म्हणत होतीस त्याला?"

"पोटात लेकरू हाय, कुनाला सांगू नगंस म्हनलं. तर म्हनतो, सांगनार. जीव हाय, अक्का, सांगनार."

तिला मी लेकराचं वचन दिलं नाही, देता येत नाही. पण बाळंतपणाचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही, सगळ्यांनी मिळून ठरवलं की दोन्ही जीव वाचवायला बघायचं. औषधं आणि पूर्ण आराम. पाचवा लागला की कलबुर्गीला नेऊन मांडीच्या नसेतून फुगा घालायचा, तो झडपेत फुगवायचा आणि चिकटलेलं दार उघडायचं. पोटावर शिशाचं जाड पांघरूण घालून, म्हणजे बाळाला क्ष-किरण फारसे लागत नाहीत. ऐकायला जादू वाटते, पण होतं तसं.

सासूबाईंनी कलबुर्गीला जायच्या आदल्या दिवशी हट्टच धरला. "थितं समदे कन्नड बोलनार. हिला काय कळायलंय? त्यो दिवसवाला डाक्टर संगं पायजे." मंजूचा निकाल अजून लागायचा होता. ट्रंक खाटेखाली भरलेलीच. तरी तो गेला. मंड्याचा पोरगा कलबुर्गीत मराठीचा दुभाष्या म्हणून! मी दिवसभर हसत होते.

आणि नेमका त्याच दिवशी दुपारी निकाल लागला.

माझ्या फोनवर यादी आली. बोट खाली सरकवायचा धीर होईना. सरकवलं. मंजुनाथ, पास! नुसता पास नाही, मेडिसिनमध्ये चांगल्या गुणांनी पास! मी वॉर्डात अशी ओरडले की गुंडप्पा मामा खाटेवर उठून बसले. सिस्टरांना मिठी मारली, इंटर्नच्या पाठीत धपाटा घातला आणि मंजूला फोन लावला. किती तरी वेळ वाजला.

"मंजू! अरे, निकाल..."

"अक्का, थांबा, थांबा!" मागं मशीनचे आवाज, कुणी तरी कन्नडमध्ये बोलतंय. "आत्ताच बाहेर आणलंय. झडप उघडली म्हणतात. पण ती विचारायलीय, लेकराचं काळीज चाललंय का. मला आधी विचारू द्या." हे सगळं मराठीत. फोन बंद.

मी खाटांमधनं येरझारा घालायला लागले. यादी फोनवरच राहिली. फोन वाजला तेव्हा किती वेळ गेला होता, देव जाणे.

"अक्का! ठोका हाय!" तो ओरडतच होता. "मी सोता ऐकलं! टकटक टकटक टकटक, घोड्यावानी! रेणुकाअक्काला ऐकवलं, ती रडायलीय, तिची सासू रडायलीय, मी बी रडायलोय!"

"रड, रड!" मी पण ओरडले. "मी बी रडायले!"

"अक्का, दोघं बरे हायत! दोघं!"

"दोघं!" मी म्हटलं. आम्ही दोघंही येड्यागत तेच तेच बोलत होतो. मग तिला पाणी द्यायचंय म्हणून त्यानं घाईनं फोन ठेवला.

डोळे पुसून मी यादी परत उघडली, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की निकाल सांगायचा राहूनच गेला. आणि त्यानंही विचारला नव्हता.